सातव्या माळेचा हात

सरुबाई हौदावर मुळे धुताना पडली. पडण्यासारखं तिथे काही नव्हतं. हौद तिच्याच मळ्यातला, हौदाच्या काठावरचं शेवाळ रोजच्या ओळखीचं, आणि मुळ्याच्या जुड्या तर ती लग्न होऊन मखमलाबादेत आली तेव्हापासून धूत होती. पण माणूस परक्या जागी जपून पाय टाकतं आणि ओळखीच्या जागी घसरतं, तसंच झालं. पाय निसटला आणि बाई उजव्या कोपरावर दगडी काठाला आपटली. कट्ट असा आवाज झाला. सरुबाईला आधी वाटलं, हातातला मुळाच मोडला.

मुळा शाबूत होता.

सून प्रतिभा धावत आली तेव्हा सासू चिखलात बसून उजवा हात डाव्या हाताने छातीशी धरून होती, आणि रडायचं सोडून त्या हाताकडे निरखून बघत होती. कोपराच्या जागी कोपर दिसत नव्हतं. आधी मोटार बंद कर, पाणी वाया चाललंय, असं तिने सुनेला सांगितलं. मग महेशला फोन लाव म्हणाली.

महेश तिचा मुलगा, ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर. तो शिफ्ट टाकून आला आणि आईला शहरातल्या एका हाडांच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टर योगिनी या मूळच्या देवळा तालुक्यातल्या, कांदा पिकवणाऱ्या घरातल्या. शिकून सवरून मोठ्या झाल्या तरी पेशंटशी बोलताना खळ्यात बसल्यासारख्या बोलायच्या, म्हणून सरुबाईचं त्यांच्याशी पहिल्याच दिवशी जमलं. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. खलबत्त्यात खडीसाखर ठेचावी तसं काहीतरी त्यात दिसत होतं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. तरुण हाड असतं तर पट्ट्या आणि स्क्रू घालून जुळवलं असतं. सत्तरीला टेकलेल्या बाईचं हाड भुसभुशीत, त्यात स्क्रू म्हणजे पेरणीच्या मातीत खुंटी ठोकण्यासारखं. मग दोनच वाटा उरतात. एक, आहे तसं राहू द्यायचं. दुखणं हळूहळू बसेल, पण हात झोळीसारखा लोंबेल. दुसरी, कोपराचा सगळा सांधाच बदलायचा आणि धातूचा नवा बसवायचा.

गुडघे बदललेल्या बाया सरुबाईने पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांच्याच आळीत अशा चौघी होत्या, आणि चौघीही देवळात जिना चढायची वेळ आली की त्याची आठवण करून द्यायच्या. पण कोपर बदललेली बाई तिने पाहिली नव्हती, ऐकलीही नव्हती. ती पुढे सरकून बसली.

डॉक्टरांनी मग अट सांगितली. या हाताने जेवता येईल, वेणी घालता येईल, फुलं ओवता येतील. वजन मात्र उचलायचं नाही. दोन किलोच्या वर जन्मात कधीच नाही, आणि जमिनीवरून उठताना या हातावर भार द्यायचा नाही. भाजीचे क्रेट, पाण्याची कळशी, खताची पाटी, सगळं बंद. महेशने आईच्या तोंडाकडे पाहिलं. जिने उभा जन्म वजनं उचलली ती इथेच नाही म्हणणार, असं त्याला वाटलं.

सरुबाईने विचारलं ते भलतंच. "ताई, कोपराचं टोक काढाल का ठेवाल?"

असं आजवर कोणी विचारलं नव्हतं, हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरच दिसलं.

आता हे टोकाचं प्रकरण काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मखमलाबादेत पाटाच्या कडेला, मळ्यांच्या मधोमध, बांधाईचं छोटं देऊळ आहे. नावाप्रमाणे बांधावरची आई. मोठा बडेजाव नाही, खांद्याएवढी शेंदराची मूर्ती, समोर चौथरा, गाभाऱ्याच्या उंबऱ्याला पितळी पट्टी. नवरात्रात तिला नऊ दिवस नऊ घराण्यांची झेंडूची माळ चढते. सातवी माळ सरुबाईच्या भाऊकीची. माळ विकत आणायची नाही, पट्टी-टेपने मोजायची नाही. घराण्यातली जी वडील बाई असेल तिने देवीसमोर बसून आपल्या उजव्या हातावर दोरा मोजायचा. मधल्या बोटाच्या टोकावरून दोरा निघतो, वाकवलेल्या कोपराच्या मागून फिरतो आणि परत बोटाला येतो. तो एक वेढा. असे तीन वेढे घेतले की माळेची लांबी झाली. तिथेच बसून फुलं ओवायची आणि गाभाऱ्याच्या चौकटीवर, मूर्तीच्या डोक्यासमोर येणाऱ्या खुंटीवरून सोडायची. सासू गेल्यापासून हा मान सरुबाईचा होता, आणि तिच्या हाताची माळ दर वर्षी अगदी उंबऱ्याच्या पितळी पट्टीला टेकायची. दुसऱ्या कुठल्या घराण्याची टेकत नसे. सरुबाईने ही गोष्ट कधी बोलून दाखवली नाही, कारण दाखवायची गरजच पडत नसे.

आणि वडील बाईला मोजता येईनासं झालं तर मान सुनेकडे जात नाही, जावेकडे जातो. सरुबाईला जाऊ एकच होती, सिंधुबाई.

हे सगळं सरुबाईने डॉक्टरांना सांगितलं, मोडका हात मांडीवर धरून, मधे एकदाही न कण्हता. डॉक्टर योगिनींनी कपाटावरून सांगाड्याचा प्लॅस्टिकचा हात काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "मावशी, कोपराचं टोक दंडाचं की मनगटाकडच्या हाताचं?"

"दंडाचं," सरुबाई म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा आवाज होता.

डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा हात वाकवला. टोक खालच्या हाडाबरोबर फिरलं. दंड जागच्या जागी राहिला. सरुबाईने लगेच आपल्या डाव्या कोपरावर मोडक्या हाताचं बोट नेण्याचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, तेव्हा महेशला बोट ठेवायला लावलं आणि हात वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला. खरंच की. टोक खालच्या हाताचंच होतं. कोणीही करून बघावं. एवढं आयुष्य ज्या टोकावर दोरा फिरवला ते कुणाच्या मालकीचं, हेच तिला माहीत नव्हतं.

ठेचलं गेलं होतं ते दंडाच्या हाडाचं खालचं तोंड. ते काढून टाकायचं होतं. खालच्या हाडात आतून पोकळी करून सांध्याचा दांडा सिमेंटने बसवायचा, पण टोक जागेवर राहणार होतं. डॉक्टरांनी एवढं मात्र सांगितलं, की मी देवीचं काही बोलत नाही, हाडाचं बोलते. बोटापासून टोकापर्यंतचं हाड तुमचंच राहील.

मग सरुबाईचे प्रश्न सुरू झाले. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण डॉक्टरही त्या प्रश्नांत रमल्या. सांध्याला तेल घालावं लागतं का? नाही, धातूवर धातू घासू नये म्हणून मधे प्लॅस्टिकची बुशी असते, ती झिजते पण बरीच वर्षं टिकते. उन्हात काम केलं तर आतून तापेल का? नाही. विमानतळावर शिटी वाजेल का? वाजेल बहुतेक. विमानात बसायचा बेत सरुबाईचा नव्हता, महेश विमानं जोडतो म्हणून तिने सहज विचारलं होतं. आणि शेवटी तिने महेशला खोलीबाहेर पाणी आणायला पाठवलं आणि हळूच विचारलं, की सरणावर त्याचं काय होतं.

"राहतं तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "राख सावडताना सापडेल."

सरुबाईला हे आवडलं. राख सावडणाऱ्यांची कशी त्रेधा उडेल, ते तिच्या डोळ्यांपुढे आलं असावं, कारण महेश पाणी घेऊन आला तेव्हा ती हसत होती.

महेशची अडचण वेगळीच निघाली. डॉक्टरांनी नमुन्याचा सांधा दाखवला. दोन दांडे, मधे बिजागरी, वजन तसं फारच थोडं. सरुबाईने तो डाव्या हाताने उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग महेशने घेतला, कानाशी नेला, बाजूला हलवला, आणि त्याचा चेहरा पडला. बिजागरी उघडझाप करायची तशी करत होती, पण आडवीही किंचित डुलत होती. कारखान्यात असा सुटा भाग आला तर तो परत पाठवतात. "ह्यात खेळ आहे, मॅडम," तो म्हणाला. माल सदोष आहे हे डॉक्टरांना कसं सांगावं, या संकोचाने त्याने 'मॅडम' दोनदा म्हटलं.

डॉक्टरांनी समजावलं, की तो खेळ मुद्दाम ठेवलेला असतो. माणसाचं कोपरही थोडं आडवं डुलतं. सांधा अगदी घट्ट केला तर प्रत्येक हिसका हाडातल्या सिमेंटवर येतो आणि दांडाच ढिला होतो. महेशने मान डोलवली, पण ती नुसतीच डोलवली. रात्री तो प्रतिभाला म्हणाला, की आईच्या हातात ढिली बिजागरी बसवणार आहेत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिंधुबाई शहाळं घेऊन दवाखान्यात आली. ती सरुबाईपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, अंगाने भरलेली, बोलायला मोकळी. मनाने वाईट नाही. पण सातव्या माळेकडे तिचं लक्ष लग्न झाल्यापासून होतं, आणि ते तिने कधी लपवलंही नव्हतं. शहाळ्यात नळी घालून तिने ते सरुबाईच्या तोंडाशी धरलं आणि म्हणाली, "आक्का, राग मानू नको. पण भंगलेली मूर्ती आपण देव्हाऱ्यात ठेवतो का?"

सरुबाईने नळी तोंडातून काढली. "नाय."

"मग भंगलेल्या हाताची माळ आईला कशी चालंल? त्यात वर लोखंड घालणार."

"लोखंड नाय. दुसराच काही धातू हाय. विचारलंय मी."

"धातू तर हाय ना?"

  सरुबाईने नळी पुन्हा तोंडात घातली आणि शहाळं संपेपर्यंत ती पीत राहिली. सिंधुबाई गेल्यावर प्रतिभा सासूला म्हणाली, की काकूंचं मनावर घेऊ नका. सरुबाई म्हणाली, की मनावर नाही घेतलं, पण बोलली ते खोटं कुठे आहे, तेच शोधते आहे.

ऑपरेशन बघायची तिची फार इच्छा होती. हात बधिर करून मला जागं ठेवा, मी तोंडातून शब्द काढणार नाही, असं तिने डॉक्टरांना बजावलं. डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही शब्द काढणार नाही यावर माझा विश्वास बसत नाही, आणि भूलतज्ज्ञांनी तिला झोपवलं. त्याबद्दल ती आजही नाराज आहे. माझ्या हातात काय ठेवलं ते मलाच बघू दिलं नाही, असं म्हणते.

शुद्धीवर आली तेव्हा करंगळीत मुंग्या येत होत्या. तिने तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं, की हे बिघडलं. बिघडलं नव्हतं. कोपर कशाला आपटलं की ज्या झिणझिण्या करंगळीपर्यंत जातात, ती नस टोकाच्या अगदी मागून जाते. ऑपरेशनमध्ये तिला बाजूला सारून जपावं लागतं, आणि ती काही दिवस रुसते. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर सरुबाईचं भय गेलं आणि त्या जागी दुसराच विचार आला. म्हणजे आजवर दोरा ज्या टोकावरून फिरला, त्याच्या बाजूनेच ही नस जात होती आणि तिने कधी तक्रार केली नव्हती. मुंग्या पुढे हळूहळू कमी झाल्या. पुऱ्या मात्र गेल्या नाहीत.

घरी आल्यावर तिने एक्स-रे मळ्याकडच्या खिडकीला चिकटवून ठेवला. दंडात एक पांढरा दांडा, खालच्या हाडात दुसरा, मधे स्वच्छ बिजागरी. भाजी न्यायला येणारे, विचारपूस करायला येणारे, सगळ्यांना तो बघावा लागे. बघून झालं की सरुबाई त्यांना त्यांच्या कोपराचं टोक कुणाचं ते विचारायची. सगळे दंडाचं म्हणायचे. एकही बरोबर सांगेना, तेव्हा तिला आपल्या अज्ञानाचं जरा बरं वाटू लागलं.

व्यायाम शिकवायला साक्षी नावाची मुलगी यायची. तिच्याशी सरुबाईचा रोज एक वाद ठरलेला. साक्षी म्हणायची, हळू. सरुबाईला हळू हा शब्दच ऐकवत नसे. हात आधी हनुवटीपर्यंत गेला, मग तोंडापर्यंत. ज्या दिवशी तिने उजव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला त्या दिवशी प्रतिभाने मुलांना बोलावून ते दाखवलं. सरळ मात्र तो हात पूर्ण होत नव्हता. होणारही नाही, साक्षीने सांगितलं होतं, आणि त्याची गरजही नसते. झोळीत राहून हात वाळला होता. साक्षी टेपने दंडाचा घेर मोजायची आणि म्हणायची, की आजी, हा डाव्याच्या मानाने बराच बारीक झालाय, ताक-दूध-डाळी खा. सरुबाईने तो आकडा कधी ऐकून घेतला नाही. तिचं लक्ष लांबीकडे होतं, घेराकडे कोण बघतं.

दोन किलोची अट मात्र तिने भलतीच मनावर घेतली. भाजीचा तराजू ओट्यावर आणून ठेवला आणि घरातली एकेक वस्तू त्यात टाकून बघू लागली. कोबीचा एक गड्डा चालतो, दुसरा जोडीला चालत नाही. पाण्याचा तांब्या चालतो, भरली कळशी नाही. दळणाचा डबा अर्धा असला तर चालतो. पोळपाट चालतो. तो एवढा हलका आहे हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं आणि तिचा जरा अपमानच झाला. प्रतिभा आधी हसली, मग वैतागली. एकदा म्हणाली, "आई, आता देव्हारा तेवढा राहिलाय वजन करायचा."

"तो डाव्या हातानं उचलीन," सरुबाई म्हणाली.

एवढं सगळं चाललेलं असताना मनातला काटा काही निघाला नव्हता. भंगलेली मूर्ती. दुपारी मळ्यात झेंडूच्या वाफ्यांकडे बघत बसली की ती उजवं कोपर डाव्या तळव्यात धरून बसायची. टोक होतं तिथेच होतं. पण आतलं ते धातूचं तिचं होतं की नव्हतं? जेवताना तिचं वाटायचं. पावसाळी गारव्यात सकाळी कोपर आतून जड व्हायचं, तेव्हा ते पाहुण्यासारखं वाटायचं. देवीला यातलं काय दिसेल, कोण सांगणार. डॉक्टरांनी तर आधीच सांगितलं होतं, की मी हाडाचं बोलते.

नवरात्र आलं. सातव्या माळेच्या सकाळी भाऊकीतल्या बाया देवळात जमल्या. महेश आणि प्रतिभा फुलांच्या पाट्या घेऊन आले. सिंधुबाई नवी हिरवी साडी नेसून आली होती आणि चौथऱ्याच्या अगदी जवळ बसली होती. काही झालंच तर हात जवळ असावा, एवढा साधा हिशेब. माळेच्या वजनाची सरुबाईला काळजी नव्हती. तेवढ्या फुलांचं वजन तिने आदल्या दिवशी करून पाहिलं होतं, दोन किलोच्या आत होतं.

ती देवीसमोर बसली, पदर खोचला, दोऱ्याचं टोक मधल्या बोटाला धरलं. दोरा कोपराच्या मागे गेला तेव्हा ऑपरेशनच्या वणावरून जाताना तो वेगळाच लागला, कापडावरून जावा तसा. तीन वेढे झाले. दोरा तोडला. सगळ्या बायांचं लक्ष तिच्या बोटांकडे होतं, म्हणून तिने एकदाही वर पाहिलं नाही. फुलं ओवायला दुपार झाली. मग ती उठली, माळ खुंटीवर टाकली, दोन्ही पदर खाली सोडले आणि मागे सरली.

माळ पितळी पट्टीला टेकली नाही. चांगली चार बोटं वर लोंबत राहिली.

 पहिल्यांदा सिंधुबाईच बोलली, आणि तिच्या आवाजात आनंद नव्हता, हे सांगायला पाहिजे. "आक्का," ती म्हणाली, "त्या धातूनं हात खाल्ला बघ तुझा."

प्रतिभाकडे ओंजळभर फुलं उरली होती. तिने हळूच म्हटलं, की आई, वाढवू का जरा, कुणाला कळणार आहे. सरुबाईने तिच्याकडे असं पाहिलं की तिने ओंजळ पाटीत सोडली.

पण सरुबाई खचलेली दिसत नव्हती. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या त्या दुःखाच्या नव्हत्या. हिशेब चुकला की माणूस कागदाकडे बघतं तशी ती माळेकडे बघत होती. डॉक्टरीणबाई खोटं बोलणारी नव्हती. हाड तेच, टोक तेच, बोटं तीच. मग चार बोटं गेली कुठं?

ती चौथऱ्यापुढे गुडघ्यांवर बसली, दोन्ही कोपरं दगडावर शेजारी शेजारी टेकवली आणि तळवे जोडले. बायांना वाटलं, आईची क्षमा मागते. दोघीतिघींनी आपलेही हात जोडले. सरुबाई मात्र जोडलेल्या हातांच्या शेंड्याकडे एक डोळा मिटून बघत होती.

"प्रतिभा, पुढं ये," ती म्हणाली. "बोटांची टोकं बघ. उजवं खाली हाय का?"

प्रतिभाने वाकून पाहिलं. "नाही आई. बरोबर आहेत."

"सिंधे, तू बघ. ती माझी सून हाय, माझ्या बाजूनं बोलंल."

सिंधुबाई उठली, वाकली, चष्मा पुसून पुन्हा वाकली. दोन्ही मधली बोटं एकमेकांना तंतोतंत भिडली होती. "सारखी हायेत," तिने कबूल केलं.

"म्हणजे हात तेवढाच हाय." सरुबाईने हात सोडले आणि उरलेला दोरा घेतला. एक वेढा उजव्या हातावर घेतला, गाठ मारली. मग तोच दोरा डाव्या हातावर चढवायला गेली, तर वेढा कोपरामागे पुरेना, ओढून बसवावा लागला. तिने डाव्या कोपराच्या वरचं दंडाचं मांस चिमटीत धरलं. भरगच्च. उजव्याचं धरलं. कातडीच हातात आली. साक्षीचा टेप, तो आकडा, ते ताक-दूध-डाळी, सगळं तिला एकदम आठवलं, आणि ती मोठ्याने हसली. दोरा नुसत्या टोकावरून जात नव्हताच. कोपर वाकवलं की तो टोकाच्या वरच्या मांसावरून फिरायचा. इतकी वर्षं फिरवून तिच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

"हाड नाय गेलं. मांस गेलंय," ती म्हणाली. "दर वेढ्याला थोडं थोडं."

सिंधुबाई काही एवढ्यात हटणारी नव्हती. का असेना, पण माळ तोकडी ती तोकडीच, पट्टीला टेकायची ती टेकली नाही, असं तिचं म्हणणं. दोनचार माना हलल्या. सरुबाई तिच्यासमोर जाऊन बसली.

"सिंधे, आत्याबाईंची शेवटची माळ आठवते?"

आत्याबाई म्हणजे दोघींची सासू. सिंधुबाईने आधी मान वळवली. मग म्हणाली, "आठवते की."

"कुठवर आली होती?"

सिंधुबाईला बोलायचं नव्हतं, पण देवीसमोर खोटंही बोलायचं नव्हतं. "आईच्या गुडघ्यापतुर," ती म्हणाली. "लय वाळल्या होत्या त्या. हाताची नुसती काडी झाली होती."

"मग त्यांची माळ कोणी परत दिली?"

"नाय."

"का?"

सिंधुबाईने त्या चार बोटांच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. कदाचित तिला सासूची ती माळ दिसत असावी, आणि त्या माळेकडे बघून तेव्हा तिचे स्वतःचे डोळे भरून आले होते, तेही. "त्यांच्या हाताची होती म्हणून," शेवटी ती म्हणाली.

"मग ही कुणाच्या हाताची हाय?" सरुबाई म्हणाली. "टेपनं मोजली असती तर दर वर्षी पट्टीला टेकली असती. मग हातावर मोजायला कशाला लावलं? यंदा बाई कशी हाय ते आईला कळावं म्हणून. यंदा मी अशी हाय. आणि तुझ्या भंगलेल्या मूर्तीचं म्हणशील, तर मूर्ती भंगली की भरून येत नाय. हात भरून येतो."

हे ती दवाखान्यातल्या शहाळ्यापासून शोधत होती, आणि तिला ते तिथेच, बोलता बोलता सापडलं. सापडल्याचं तिच्या तोंडावर स्वच्छ दिसलं.

भाऊकीतली एक म्हातारी म्हणाली, की झालं आता, आरती घ्या, पोरांना भुका लागल्यात. तिथेच निकाल लागला. असे निकाल असेच लागतात.

आरती झाल्यावर सरुबाईने कुंकवाच्या कोयरीत बोट बुडवलं आणि माळेचं टोक जिथे संपत होतं त्याच उंचीला, चौकटीच्या लाकडावर, एक टिकली लावली. महेश म्हणाला, हे कशाला. तर म्हणाली, पुढच्या वर्षी कळायला पाहिजे ना, किती खाली येते ती. साक्षीला सांग, उद्यापासून डाळ खाते.

"आणि नाय आली खाली तर?" सिंधुबाईने विचारलं. आता तिलाही ते खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तर म्हातारी झाले म्हणून कळंल तिला. तुझी पाळी जवळ आली म्हणून तुलाबी कळंल."

सिंधुबाई हसली. हसता हसता तिने दोन बोटांनी आपला गुबगुबीत दंड चाचपला, आणि ते सरुबाईच्या नजरेतून सुटलं नाही. तुझी माळ तर उंबरा ओलांडून पार पाटात जाईल, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला आधी कळवून ठेव, असं ती म्हणाली, तेव्हा मागच्या बायाही हसल्या.

चौथऱ्यावर प्रसादाचं पितळी ताट होतं, नारळ आणि केळ्यांनी भरलेलं. ते घरोघर फिरवायचा मानही सातव्या माळेच्या बाईचाच. सरुबाईने ताटाकडे पाहिलं, मनातल्या मनात तराजूत टाकलं, आणि हात मागे घेतला.

"सिंधे, उचल ते," ती म्हणाली. "दोन किलोच्या वर हाय."

सिंधुबाईने ताट उचललं, आणि पदर सावरत तिच्यापुढे चालू लागली.